नऊ पाण्यांनी धुतलेला स्पंज

ता. १०, रविवार

लिहायला उशीर झाला, माफ कर. तू गेलीस एक तारखेला आणि मी वही उघडतोय आज. "बाबा, रोज दोन ओळी लिहा, मी आल्यावर वाचेन," म्हणालीस. नऊ दिवस वही टेबलावर पडून होती आणि मी तिच्याभोवती फिरत होतो. सातवीत शाळा सुटली. त्यानंतर इस्पितळाच्या धुलाईखान्यात चाळीस वर्षं मी लिहिलं ते एवढंच, की चादरी इतक्या आल्या, इतक्या गेल्या. दोन ओळी लिहायच्या म्हणजे मला घाम फुटतो.

तुझा फोन आताच झाला. तुझी नेमणूक झालीय त्या डोंगरातल्या दवाखान्यातून रविवारीच फोन लागतो, तोही टेकडीवर चढल्यावर, म्हणून तू धापा टाकत बोलतेस आणि मला उगाच वाटतं की तुला बरं नाही. तू विचारलंस, "मुकादम कसा आहे?" मी म्हटलं, बरा आहे. तो बराच आहे. मुकादम धरून परसातल्या तळ्यातले पाचही मासे बरे आहेत. पण पाण्याला हिरवट झाक आलीय, हे मी सांगितलं नाही.

तुझा थोरला भाऊ एकतीस तारखेला येणार. त्याचं म्हणणं तुला ठाऊक आहे. म्हातारा एकटा राहू शकत नाही, घर बंद करा, त्यांना माझ्याकडे तिसऱ्या मजल्यावर आणा. तू त्याला म्हणालीस, आधी एक महिना बघ, मग बोल. इतक्यावर थांबायचं होतं. पण तू पुढे म्हणालीस, "आईचं तळं त्यांनी नीट सांभाळलं, तर समज ते स्वतःलाही सांभाळतील." का म्हणालीस? गोळ्या म्हणायचं होतं, गॅस म्हणायचं होतं. गॅस मी रोज तीनदा बघतो.

मोटरीच्या खोपटात तुझ्या आईचा बागकामाचा एप्रन अजून खिळ्यावर लटकतोय. ती जाऊन तीन वर्षं झाली. मातीने पार वाळून कडक झालाय. सवड मिळाली की धुऊन टाकतो.

ता. ११, सोमवार

आज पाणी आणखी हिरवं. मुकादम वर येतो तेव्हाच दिसतो, खाली गेला की नाही. थोरल्याने हे पाहिलं तर तो पुढचं काही बघणारच नाही.

म्हणून तळ्याकाठचं निळं पिंप उघडलं. तू दाखवलं होतंस, मोटर तळ्यातलं पाणी पिंपात चढवते, ते तीन स्पंजांतून खाली उतरतं, मग जाळीच्या पिशवीतल्या खड्यांतून, आणि नळीने परत तळ्यात पडतं. झाकण काढलं आणि मी मागे सरलो. अगं, काय ती घाण! स्पंज मुळात पिवळे होते असं तू म्हणालीस म्हणून मानायचं. तपकिरी, बुळबुळीत, दाबला की चिखल. असल्या स्पंजातून गाळलेलं पाणी हिरवं होणार नाही तर काय होईल?

झाकणाच्या आतल्या बाजूला तू कागद चिकटवलायस. "स्पंज तळ्याच्याच पाण्यात नुसते पिळायचे. नळाखाली धुवायचे नाहीत." वाचला मी. पाणी वाचावं म्हणून लिहिलं असणार. तू लहानपणापासून अशीच, दोन बुचकळ्यांत फ्रॉक धुतला म्हणायचीस. पाणी वाचवायचं ते दुसरीकडे वाचवू. मी माझ्या हातून असला स्पंज परत ठेवणार नाही.

मोठ्या घमेल्यात ब्लीचिंग पावडर कालवली, तीन तास स्पंज बुडवून ठेवले, मग नळाखाली नऊ पाण्यांनी काढले. नऊ का, तर धुलाईखान्याचा नियमच तसा होता, शस्त्रक्रियेच्या चादरींना नऊ पाणी. शेवटचं पाणी तोंडात घेऊन बघितलं, पावडरीची चव नाही. खडेही धुतले. ते खळखळ वाजायला लागले, नव्या भांड्यांसारखे.

स्पंज उन्हाकडे धरून बघितले. एक डाग नाही. किती वर्षांनी हाताला काम मिळाल्यासारखं वाटलं.

ता. १२, मंगळवार

तळ्यातलं अर्धं पाणी उपसलं आणि नळाची नळी सोडली. पाठ धरलीय. मासे कोपऱ्यात गोळा होऊन उभे होते, नव्या पाण्याला बुजले असतील.

ता. १४, गुरुवार

पाणी आरशासारखं झालंय! तळाची फरशी दिसते. मुकादमाच्या पाठीवरचे खवले मोजता येतात. अकरा वर्षांचा गडी, पाठ नारिंगी, पोट पांढरं, आणि तळ्याला फेऱ्या मारतो कशा, तर आमचा मुकादम धुलाईखान्यातून हात मागे बांधून फिरायचा तशा. म्हणून मीच ते नाव ठेवलं होतं. तुझी आई म्हणायची, "निदान हा तरी शिव्या देत नाही."

कुंपणापलीकडून टपालवाल्या बाईंनी डोकावून बघितलं. टपाल कचेरीतून निवृत्त झाल्या तरी दुसऱ्यांच्या घरात काय येतं जातं हे बघायची सवय गेली नाही. म्हणाल्या, "अहो, मासे ठेवलेत की काचेत लावलेत?"

मी म्हटलं, "तुमच्या टाकीसारखा काढा नाही केला." त्यांचेही मासे आहेत, त्या सिमेंटच्या टाकीतलं पाणी बघशील तर चहा. त्या हसल्या आणि आत गेल्या. त्यांच्या झाडाची पानं आमच्याकडे पडतात याचा मी विषयही काढला नाही.

असं लख्ख काम झालं की मला तुझी आई गेल्यानंतरचा तिसरा दिवस आठवतो. घरात माणसं बसलेली, मला काही सुचेना, म्हणून मी तिचे सगळे कपडे उकळत्या पाण्यात घातले, निळी शाल आणि उशीची खोळसुद्धा. इस्त्री करून घड्या तुझ्यासमोर ठेवल्या. तू ती शाल नाकाशी धरलीस आणि ओरडलीस माझ्यावर. नंतर दोन महिने तुझं माझ्याशी कामापुरतं बोलणं. डाग राहिला होता का कुठे? मी नीट बघितलं होतं.

ता. १६, शनिवार

मासे वर येऊन तोंडं उघडमीट करतायत. सकाळपासून. भूक लागली असेल म्हणून दोन मुठी खाणं टाकलं. खाल्लं नाही. मग संध्याकाळी आणखी एक मूठ टाकली.

ता. १७, रविवार

तुझा फोन. "पाणी कसंय?" "आरशासारखं." "खरंच? या दिवसांत तर हिरवं होतं दर वर्षी, मला धास्ती होती." मी म्हटलं, "धुलाईवाल्याच्या हातात आहे ते." तू हसलीस. मग म्हणालीस, "आणि मासे?" तेव्हा धाकटा सोनेरी मासा नळीच्या धारेखाली तिरका होऊन तरंगत होता. मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होता.

"मजेत आहेत," मी म्हटलं.

ता. १८, सोमवार

सोनेरी गेला. सकाळी पोट वर करून होता. पंखांच्या मुळाशी लाल रेघा, चाबूक मारल्यासारख्या. लिंबाच्या झाडाखाली पुरला.

हातून काय राहिलं ते कळत नाही. पाणी इतकं स्वच्छ की पिऊन टाकावं. म्हणजे घाण असणार ती न दिसणारी. पिंप पुन्हा उघडलं. एका आठवड्यात स्पंजांवर पुसटशी तपकिरी साय धरली होती. परत ब्लीचिंग, परत नऊ पाणी. एप्रनही त्याच घमेल्यात टाकणार होतो, पण दम लागला.

ता. १९, मंगळवार

दोन पांढऱ्यांतला एक गेला. दुसरा त्याची जागा सोडत नाही. मुकादम फेऱ्या मारायचा थांबला. तळाशी बसलाय. फरशीवर ठेवलेल्या दगडासारखा, आणि पाणी एवढं नितळ की त्याच्या कल्ल्यांची धडधड वरून दिसते. दिसली नसती तर बरं झालं असतं.

थोरल्याचा फोन आला. "बाबा, सगळं ठीक ना? आवाज असा का येतोय?" म्हटलं, भाजी चिरत होतो. भाजी चिरताना आवाज का बदलेल? पण त्याने मानलं. किंवा नाही मानलं.

मी एक ठरवलंय. ही वही तुला दाखवायची नाही. दुकानातून तसलीच दुसरी आणली. तिच्यात चांगल्या अक्षरात पहिल्या तारखेपासून लिहून काढलं. "ता. १८. पाणी स्वच्छ. मासे ठीक. गोळ्या घेतल्या." ती तुला देईन. ही माझ्याजवळ राहील. पाच माशांचं काय करायचं? सोनेरी आणि पांढरा तसेच मिळाले तर आणून सोडीन. मासा थोडाच बोलून दाखवतो, मी नवा आहे म्हणून.

ता. २०, बुधवार

रंगीत माशांच्या दुकानात गेलो. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना काचेच्या पेट्या, सगळीकडे बुडबुड्यांचा आवाज. दुकानदार चाळिशीचा, मनगटापर्यंत ओला. मी म्हटलं, एक सोनेरी हवा, एवढा, आणि एक पांढरा, एवढा.

"आधीचे कशाने गेले, काका?"

"तुला विकायचे आहेत की नाहीत?"

"विकायचे आहेत. पण आठवड्याने तुम्ही परत येणार, आणि मग मला तुमचं तोंड बघवणार नाही. पाणी आणलंय?"

पाणी मी बाटलीत नेलं होतं, दाखवायला की दोष पाण्याचा नाही. त्याने ते उजेडात धरलं आणि म्हणाला, "काय सुंदर पाणी आहे हो." मला बरं वाटलं. मग त्याने ते एका छोट्या काचनळीत ओतलं, दोन कुप्यांतले थेंब टाकले आणि म्हणाला, "पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर विष."

आम्ही दोघं त्या नळीकडे बघत उभे राहिलो. आधी पिवळं होतं. मग पोपटी. मग झाडाच्या पानासारखं. मग त्याहून गडद, इतकं की मागचा त्याचा अंगठा दिसेना.

"स्पंज कशात धुता?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तीन तास, नऊ पाणी. सांगताना मला थोडी ऐट होती, खोटं कशाला लिहू.

त्याने स्टूल पुढे सरकवलं. "बसा काका." मग म्हणाला, "मासे पाण्यातच हगतात, पाण्यातच मुततात. ते विष असतं, दिसत नाही. स्पंजावरची ती तपकिरी साय असते ना, ती जिवंत असते. ती हे विष खाते. तुमच्या तळ्यात ती किती वर्षांची होती?"

"अकरा."

"अकरा वर्षं जमवलेली. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, त्यानेच ती निम्मी मरते. तुम्ही तर पावडर घातलीत. पाणी गाळायची जागा नव्हती ती, काका, तळ्याचं पोट होतं. तुम्ही पोट धुऊन काढलंत."

मी म्हटलं, "कागदावर लिहिलं होतं."

"काय?"

"काही नाही."

मासे त्याने विकले नाहीत. उपाय सांगितला. खाणं बंद. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, पण नळाचं पाणी एक दिवस उघड्यावर ठेवून, म्हणजे औषध उडून जातं. आणि कुणाच्या तरी जुन्या तळ्यातला मळका स्पंज मिळवून पिंपात ठेवायचा, विरजण लावल्यासारखा. "माझ्याकडचा देत नाही. इथे रोज नवे मासे येतात, कुणाच्या अंगावर काय आहे सांगता येत नाही. ओळखीत आहे कुणाची जुनी टाकी?"

आहे. चहाच्या रंगाची.

ता. २१, गुरुवार

टपालवाल्या बाईंच्या फाटकाशी दोनदा जाऊन परत आलो. तिसऱ्यांदा त्यांनीच दार उघडलं. "येताय की नाही? मघापासून घिरट्या चालल्यात, मला वाटलं मीटर बघायला आलात."

मी म्हटलं, तुमच्या टाकीतला स्पंज हवाय. थोडासा.

"माझ्या? काढ्यातला?" त्या अगदी गंभीर होत्या. "थांबा हं, चांगलासा बघून देते. धुऊन देऊ का?"

"नको! नका धुऊ!" मी इतक्या जोरात ओरडलो की त्यांच्या हातातला चहाचा कप हिंदकळला. मग त्या हसल्या नाहीत. मला आत घेतलं, बसवलं, आणि मी त्यांना सगळं सांगितलं, तुला न सांगितलेलं सुद्धा.

त्यांनी कात्री घेतली, टाकीच्या पेटीतला काळपट स्पंज बाहेर काढला आणि बरोबर मधोमध कापला. निम्मा मला दिला. म्हणाल्या, "तुमच्या बायकोनेच लावून दिली होती ही पेटी मला. सुरुवातीचा स्पंज तिनेच दिला, तुमच्या पिंपातला. म्हणजे मी काही उपकार करत नाही, परत देतेय."

मी तो बादलीत ठेवला. बादलीला भोक होतं. घरी पोचेपर्यंत तपकिरी पाणी सदऱ्यावरून पायजम्यावर. चाळीस वर्षांत असला सदरा घालून मी रस्त्यावर आलो नव्हतो. मागून बाई म्हणाल्या, "अहो, एक सांगू? ती शाल तुम्ही धुतलीत ना, त्या दिवशी तुमची लेक माझ्याकडे येऊन बसली होती. रात्रीपर्यंत."

मी थांबलो. त्यांना वाटलं मी काही विचारीन. पण स्पंज वाळला तर मरतो, म्हणून मी चालू लागलो.

ता. २३, शनिवार

घरातली सगळी भांडी अंगणात आहेत. पातेली, टब, प्रेशर कुकर, बाळपणी तुला अंघोळ घालायचो ते घंगाळ. सगळ्यांत पाणी ओतून ठेवलंय, औषध उडायला. सकाळी जुनं काढायचं, हे ओतायचं, परत भरायचं. वाकलो की डोळ्यांपुढे अंधारी येते. दुकानदाराने थेंबांच्या कुप्या दिल्यात, रोज बघतो. आजही हिरवं.

मुकादम एका कुशीवर झुकलाय.

ता. २४, रविवार

तुझा फोन. आज सांगायचंच, असं ठरवून बसलो होतो. तू म्हणालीस, "बाबा, खूप थकलेय. तेवढं तळं नीट आहे म्हटल्यावर इथे मन लागतं." मग मी कसा सांगू?

"आरशासारखं," म्हटलं. त्यानंतर बराच वेळ फोन हातात धरून बसलो.

ता. २६, मंगळवार

हिरवं, पण पोपटी. मुकादम सरळ झाला, पण हलत नाही. त्याच्याशी बोललो. काय बोललो ते लिहीत नाही. कुंपणापलीकडे बाई पानं झाडत होत्या, त्यांनी ऐकलं नसेल तर नवल.

ता. २८, गुरुवार

पिंप उघडून बघितलं. नुसतं बघितलं, हात लावला नाही. बाईंच्या तुकड्याशेजारी माझ्या पांढऱ्याफटक स्पंजाच्या कडेला तपकिरी डाग पडलाय, नखाएवढा. आयुष्यभर डागांच्या मागे लागलो. रक्त थंड पाण्याने, औषधाचा पिवळा लिंबाने, शाईचा कशानेही नाही. आज त्या डागावरून बोट फिरवावंसं वाटलं, पण फिरवलं नाही. झाकण हळूच लावलं, मूल झोपलंय अशा बेताने.

झाकणावरचा तुझा कागद पुन्हा वाचला. तू एका शब्दाखाली दोनदा रेघ मारली होतीस. "नुसते."

ता. ३०, शनिवार

थेंब पिवळे! दोनदा बघितलं. मुकादमाने एक फेरी मारली. एकच, आणि परत बसला. चार दाणे टाकले, त्याने एक उचलला.

पण पाणी पुन्हा हिरवट होतंय. चार दिवस मोठं ऊन आहे. उद्या थोरला येणार. आज अर्धं पाणी पालटलं, नळी सोडली, तर उद्या सकाळपर्यंत फरशी दिसेल. एका दिवसाने काय होतंय, असं मनात आलं. नळीचं तोंड तळ्यात सोडून नळापाशी जाऊन उभा राहिलो होतो. चावी अर्धी फिरवली होती.

मग नळी गुंडाळून खोपटात ठेवली.

ता. ३१, रविवार

थोरला आला. आधी गॅस बघितला, मग गोळ्यांचा डबा, मग माझी नखं. मग मागे गेला आणि म्हणाला, "बाबा, हे काय? पाणी तर पार गढूळ. आणि मासे तीनच?"

मी सुधारलेल्या वहीकडे बघितलं. ती टेबलावर ठेवली होती, त्याला दाखवायला, अक्षर छान आलंय तिच्यात.

"दोन मेले," मी म्हटलं. "माझ्या हातून. पाणी स्वच्छ होतं तेव्हा मेले. आता गढूळ आहे, पण उरलेले जगतायत."

"म्हणजे काय, बाबा?"

मग मी त्याला पिंप उघडून दाखवलं. स्पंजावरचा डाग दाखवला, आता हाताएवढा झालाय. थेंब टाकून दाखवले. त्याला काही पटलं की नाही माहीत नाही. त्याने वाकून तो डाग परत बघितला. मग एकदम म्हणाला, "आईच्या कपड्यांना तेव्हा तुम्ही... " आणि तिथेच थांबला. मुकादम वर आला, त्याच्याकडे दोघं बघत बसलो.

जाताना म्हणाला, "मी ठरवत नाही. ती म्हणेल तसं. तिलाच सांगा, पण खरं सांगा. तिने म्हटलं बाबा इथेच राहू देत, तर मी परत विषय काढणार नाही."

आज तुझा फोन आला नाही. पाचपर्यंत थांबलो, सातपर्यंत थांबलो. टेकडीवर वारा असेल, किंवा तू थकली असशील, किंवा रागावली असशील, पण रागवायला तुला अजून काही ठाऊकच नाही.

म्हणून ही वही पाठवतोय. हीच, ती नाही. ती चुलीत घातली असती, पण घरात चूल नाही, म्हणून फाडून खताच्या खड्ड्यात टाकली. टपालवाल्या बाईंनी स्वतः पाकीट शिवून दिलंय आणि उद्या सकाळी त्याच जाऊन टाकणार आहेत. म्हणाल्या, "माझ्या हातचं टपाल हरवत नाही." माझ्यावर भरवसा नाही हे त्यांनी बोलून नाही दाखवलं.

सोबत वेगळ्या पिशवीत खिळ्यावरचा एप्रन आहे. तीनदा धुवायला काढला होता, पण राहून गेला. पिशवीत भरताना खिशात सुतळी आणि अर्धी पेन्सिल हाताला लागली, त्या तिथेच राहू दिल्यात. त्याला पाणी लावलेलं नाही. झटकलासुद्धा नाही. पिशवीचं तोंड घट्ट बांधलंय, वास जाऊ नये म्हणून. तू उघडशील तेव्हा एकटी असताना उघड.

सोनेरी आणि पांढरा लिंबाखाली आहेत. मुकादम आज तीन फेऱ्या फिरला. मी इथे राहावं की थोरल्याकडे जावं, ते तू ठरव. रागावलीस तरी चालेल, पण रविवारची वाट बघायला लावू नकोस. मधल्या वारी टेकडीवर चढता आलं तर चढ, नाहीतर दोन ओळी टाक. लवकर कळव.